उस्ता मेतवल्लीची अमानत

"पोटात ढवळतंय, मिस," उस्ता मेतवल्ली म्हणाला. "पण हे ते नाही. अल्लाची शपथ, हे ते नाही."

नाहेदने नुसतं हं केलं. इफ्तारला तासाभराहून थोडा जास्त वेळ उरला होता. मेतवल्ली सकाळपासून सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून बसला होता आणि इतक्या वेळात हे वाक्य त्याने अनेकदा म्हटलं होतं. दर वेळी नाहेद स्वतःला दटावत होती, की हा असंच म्हणणार हे त्यानेच तर आपल्याला सांगून ठेवलंय.

खोलीतला तिसरा माणूस म्हणजे उस्ताद इदवार. सत्तरी ओलांडलेला, गणिताचा निवृत्त मास्तर, धर्माने कॉप्ट ख्रिस्ती, स्वभावाने फूटपट्टी. खोली त्याचीच होती. पोर्ट फुआदच्या एका जुन्या बंगलीच्या तळमजल्यावर रफीक मंडळ भरायचं, पण बाहेर पाटी नव्हती. गावात मधुमेहवाल्यांची पाटी चालते, मूत्रपिंडवाल्यांची चालते. पण ज्यांचं मन महिनोन्‌महिने विहिरीच्या तळाशी जाऊन बसतं आणि मग एके सकाळी उठून छपरावरून उड्या मारायला निघतं, त्यांच्या मंडळाची पाटी लावली असती तर आठ दिवसांत खोली ओस पडली असती. शेजाऱ्यांची समजूत अशी, की इदवार इथे शिकवण्या घेतो. एवढी मोठमोठी माणसं गणितात इतकी कच्ची कशी, असं अजून कुणी विचारलं नव्हतं.

मंडळाचा नियम एकच. प्रत्येकाला एक रफीक, म्हणजे सोबती. माणूस बरा असतो तेव्हा सगळ्यांसमोर उभा राहतो आणि आपल्या रफीकला सांगतो, की मी पुन्हा आजारी पडेन तेव्हा असा असा वागेन, असं असं बोलेन, आणि तेव्हा तू माझं ऐकू नकोस, हे हे कर. याला ते अमानत म्हणतात. एखाद्याने आपले दागिने शेजाऱ्याकडे ठेवून हजला जावं, तसं इथे माणूस आपलं शहाणपण दुसऱ्याकडे ठेवतो. आजारातला शब्द धरायचा नाही, बरं असतानाचा शब्द मोडायचा नाही. या नियमाने मंडळात कुणाची नोकरी वाचली होती, कुणाचं घर, आणि दोघांचा तर जीव.

मेतवल्लीची अमानत बालवाडी चालवणाऱ्या नाहेदकडे होती. तो कालव्याच्या कारखान्यात लेथवर काम करायचा, कसबी कारागीर म्हणून सगळे त्याला उस्ता म्हणायचे, बायको वारलेली, पदरात दोन मुली. सहा वर्षांपूर्वी तो खचला तेव्हा त्याला पोटाचं दुखणं लागलं, म्हणजे तसं त्याला वाटलं. या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे, या इस्पितळातून त्या इस्पितळात असा फिरला, शेवटी कुणीतरी मानसोपचाराच्या वॉर्डात टाकला, आणि आठवड्याभरात ही बातमी कारखान्यात, मशिदीत आणि थोरलीच्या होणाऱ्या सासरी पोचली. थोरलीचं लग्न मोडलं. ती पुढे मन्सुरा गावी दिली गेली, एका विधुराला. हे बापाच्या काळजात रुतून बसलं होतं. म्हणून तो मंडळात आला तेव्हा छातीवर हात ठेवून मोठ्याने म्हणाला होता, "पोट दुखतंय म्हणेन, छाती दुखतेय म्हणेन, हे ते नाहीच असं शपथेवर सांगेन. विश्वास ठेवू नकोस, मिस. इस्पितळात तर मेलो तरी नेऊ नकोस. इथे आण, बसव, सोबत बस. आणि माझ्या धाकट्या शहंदाच्या सासरी कधी कळू देऊ नकोस."

आणि आज त्याच शहंदाची फातिहा होती. कालव्याच्या पलीकडे पोर्ट सईदला, तिच्या होणाऱ्या सासूच्या, हाज्जा फौकियाच्या घरी इफ्तारची मेजवानी आणि नंतर दोन्ही घरच्यांनी मिळून फातिहा वाचायची, म्हणजे लग्न पक्कं. सकाळी शहंदाचा फोन आला होता. "मिस, बाबा उठत नाहीयेत. डोळे उघडे आहेत पण उठत नाहीत. मला तर हाज्जाच्या घरी हाताखाली जायचंय. काय करू?" मुलीला आजार माहीत होता, मंडळही माहीत होतं. नाहेदने तिला सांगितलं की तू जा, बाबांचं मी बघते, आणि संध्याकाळी त्यांना उभं करता आलं नाही तर इस्मायलियाहून कामाचं तातडीचं बोलावणं आलं असं सांगू.

"चहा घ्या, उस्ता," इदवारने पेला पुढे केला. तो ख्रिस्ती, त्याला रोजा नव्हता, आणि मंडळात गोळ्या घेणाऱ्या कुणालाच नव्हता. रमजानात दुपारी खोलीचं शटर अर्धं खाली ओढून ठेवायची इथली रीत होती. एकेक जण वाकून आत यायचा, गटागटा पाणी प्यायचा, ओठ पुसून कोरडे करायचा आणि रोजेदाराचा चेहरा करून बाहेर पडायचा. मेतवल्ली मात्र या महिन्यात एकदाही आला नव्हता. लेथच्या मागे बाटली ठेवलीय, तिथेच पितो, असं म्हणाला होता.

मेतवल्लीने पेल्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"थोडं पाणी तरी?" नाहेद म्हणाली.

"अजान होऊ दे."

हे त्याने इतक्या सहज म्हटलं, की इदवारच्या ध्यानातही आलं नाही. नाहेद मात्र चपापली. अजान होऊ दे?

"उस्ता, तुमचा रोजा आहे?"

जीभ दातांत अडकावी तसं त्याचं तोंड हललं.

"उस्ता, माझ्याकडे बघा. आजचाच की कालपण होता?"

"पहिल्यापासून," तो जड आवाजात म्हणाला. "हाज्जाने विचारलं, उस्ता, या उन्हात, त्या भट्टीजवळ, रोजे जमतात? काय सांगू? नाही म्हटलं की विचारणार, का नाही? कसलं दुखणं?"

आजाऱ्याला रोजा माफ आहे हे बालवाडीतलं पोरही सांगेल. पण माफी घ्यायची तर दुखण्याचं नाव घ्यावं लागतं, आणि मेतवल्लीला ते नाव घ्यायचं नव्हतं. नाहेदला त्याचा भयंकर राग आला. एक चांगली थोबाडीत द्यावी असं वाटलं. आणि त्याच वेळी ती घाबरली, कारण तो जी गोळी घेत होता तीच ती स्वतः कित्येक वर्षं घेत होती, आणि त्या गोळीला पाणी लागतं म्हणजे लागतंच, हे डॉक्टरांनी दोघांना एकाच खोलीत एकाच वेळी बजावलं होतं. पाणी तुटलं की लिथियम अंगात साठतं. साठलं की विष.

"गोळ्या कशा घेता?"

"दोन्ही वेळच्या एकदम. इफ्तारनंतर."

"हात पुढे करा."

त्याने हात पुढे केले. थोडी थरथर तर तिच्याही बोटांना होती, औषधाची होती ती, मुलांच्या वह्यांवर चांदण्या काढताना रेषा हलायची. पण ही थरथर नव्हती, हे हात झटके देत होते. खालचा ओठ लोंबत होता आणि त्याच्या कडेने लाळ ओघळलेली त्याला कळतही नव्हती. नाहेद उठली.

"उस्ताद इदवार, गाडी काढा. पलीकडे न्यायचंय."

"कुठे?"

"इस्पितळात."

इदवारने चष्मा काढला. "मिस नाहेद, काय म्हणालीस ते कळतंय का तुला? पोट दुखतंय म्हणेन, हे ते नाही म्हणेन, इस्पितळात नेऊ नकोस. त्याचेच शब्द आहेत. या खोलीत सगळ्यांनी ऐकलेत. तो आत्ता अगदी तसाच बोलतोय."

"तो महिनाभर पाण्याशिवाय आहे!"

"रोजा सगळं गाव धरतं. हात सगळ्यांचे कापतात या वेळेला. अजानला पाणी पाजू, मीठ-साखर घालून देऊ. आज नेलंस तर फातिहा गेली. उद्या हा बरा होईल आणि विचारेल, मी तुला काय सांगितलं होतं? मग कुठे बघशील?"

"आणि बरा नाही झाला तर?"

"सगळ्यांना त्या वेळी असंच वाटतं," इदवार म्हणाला. "मलाही वाटलं होतं. माझ्या भावाने हात जोडले होते माझ्यापुढे, आणि मी त्याला चार माणसांकरवी गाडीत घातला. बरा झाला तो. अगदी ठणठणीत. मरेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. हे मंडळ मी कशासाठी काढलं, मिस? पुन्हा कुणावर कुणी अशी जबरदस्ती करू नये म्हणून. आणि तू माझ्याच खोलीत..."

नाहेदला त्याची कीव आली, पण कीव करायला वेळ नव्हता. ती मेतवल्लीजवळ गेली. "उस्ता, चला. उठून दाखवा मला. चार पावलं चाला, मग मी काही बोलत नाही."

तो उठला. सोफ्याचा हात धरून उभा राहिला, पाऊल टाकलं, आणि पुढचं पाऊल कुठे ठेवायचं हे पायाला न कळल्यासारखा कलंडला. नाहेदने त्याला कमरेला धरलं. गावातल्या बायकांनी हे पाहिलं असतं तर आठवडाभर त्यांना दुसरा विषय लागला नसता.

"इक्बाल," तो तिच्या कानाशी म्हणाला. "इक्बाल, दिवा लाव ना."

इक्बाल त्याच्या मेलेल्या बायकोचं नाव होतं, आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

इदवारने ते ऐकलं. मग त्याने खुंटीवरची किल्ली काढली आणि शटर वर ढकललं.

रस्त्यावर सगळं गाव घराकडे पळत सुटलं होतं. इफ्तारच्या आधीची ती वेळ, जेव्हा पोर्ट फुआदमध्ये गाड्या वाऱ्यासारख्या धावतात आणि पाव घेऊन जाणारी माणसं शिव्या घालत घालत अल्लाची माफीही मागत असतात. इदवारची जुनी फियाट फेरीबोटीच्या धक्क्यावर पोचली तेव्हा बोटीचं फाटक बंद होत होतं. इदवारने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. फाटकावरचा माणूस ओरडला, "अहो चाचा, मोलोखियाची आमटी आटून जाईल का तुमची?" पण त्याने गाडी आत घेतली.

बोट सुटली आणि कालव्याच्या मध्यावर येऊन थांबली. दक्षिणेकडून एक मालवाहू जहाज येत होतं, डब्यांच्या थप्प्यांनी लादलेलं, एखादी चाळ पाण्यावरून चालत यावी तसं सावकाश. ते गेल्याशिवाय पलीकडे जाता येणार नव्हतं. नाहेदने मागच्या सीटवर मेतवल्लीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याच्या दंडाचे स्नायू कातडीखाली उडत होते. तिने बाटली त्याच्या ओठांना लावली.

"अजान," तो पुटपुटला आणि ओठ घट्ट मिटले.

"तुम्हाला माफ आहे, उस्ता. घोटभर घ्या. माझं पाप, माझ्या माथी."

"शपथ... मिस... तू शब्द दिला होतास."

आत्ता मात्र त्याने तिला नीट ओळखलं होतं. तिला वाटलं, हे त्याने ओळखलं नसतं तर बरं झालं असतं. तिने एका हाताने शहंदाला फोन लावला. "बाबांना पलीकडच्या इस्पितळात आणतेय. एकटी ये. कुणाला सांगू नकोस." पण फोनमागे भांड्यांचा आणि बायकांचा आवाज येत होता, आणि त्या घरात आज कुणी एकटं कुठे जाऊ शकणार नव्हतं.

जहाज हलत नाही असं वाटत होतं. इदवार स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. "तो तुला म्हणेल, की तू मला विकलंस," तो मागे न वळता म्हणाला. "मनाची तयारी ठेव."

"म्हणू दे. म्हणायला जिवंत तर राहू दे."

दोन्ही तीरांवरून अजान उठली. बोटीवरच्या खलाशांनी खजुरांची ताटली फिरवायला घेतली. एक जण गाडीच्या काचेतून वाकला आणि मेतवल्लीला पाहून हळहळला, "उन्हाने भोवळ आली वाटतं चाचांना? खजूर द्या तोंडात, आत्ता उठून बसतील." आता मेतवल्लीने तोंड उघडलं. नाहेदने पाणी पाजलं. तो दोन घोट प्यायला आणि सगळं तिच्या अंगावर उलटलं.

इस्पितळात एकच तरुण डॉक्टर होता, हातातला घास तसाच ठेवून आलेला. दुसरं कुणी असतं तर वैतागलं असतं, हा वैतागला नाही. त्याने नाडी पाहिली, डोळ्यांत उजेड पाडला. "उन्हाचा तडाखा. या दिवसांत रोज येतात असे, विशेषतः कारखान्यातले. सलाईन लावतो. बाटली संपली की घरी न्या, आणि उद्यापासून रोजा नाही म्हणजे नाही. इतर काही औषधं चालू आहेत?"

त्याच क्षणी पडदा सरकवून शहंदा आत आली. नवा निळा झगा, डोळ्यांतलं काजळ पसरलेलं. आणि तिच्या मागोमाग, हातात झाकलेला डबा घेऊन, हाज्जा फौकिया. चांगली बाई. पोरीला असल्या वेळी एकटी कशी सोडायची म्हणून भरलं ताट टाकून आली होती, आणि येताना उपाशी माणसांसाठी भात भरलेल्या भाज्यांची महशी आणायलाही विसरली नव्हती. तिने नाहेदला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगबाई, मिस नाहेद! तुम्ही इथे?" तिचा नातू युसुफ नाहेदच्या बालवाडीत होता. रोज ती स्वतः त्याला घेऊन फेरीबोटीने यायची, कारण पलीकडे इतक्या बालवाड्या असूनही तिला नाहेदसारखी बाई मिळाली नव्हती. हे ती सगळ्यांना सांगत असे.

"औषधं?" डॉक्टरने पुन्हा विचारलं.

"रक्तदाबाची एक गोळी," शहंदा पटकन म्हणाली. "बाकी काही नाही." आणि तिने नाहेदकडे पाहिलं. तोंडाने काही म्हणाली नाही, पण ते डोळे पाय धरत होते.

गप्प राहिलं तर बाटली संपेल, हा घरी जाईल, घरी मरेल. बोललं तर या पोरीचं लग्न इथे या पडद्यामागे मोडेल, आणि ज्या माणसासाठी बोलायचं त्यानेच छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की बोलू नकोस. पलंगावर मेतवल्लीची बोटं नाहेदच्या बाहीला धरून होती. त्यांत जोर नव्हता, पण ती सुटत नव्हती.

"लिथियम घेतात ते," नाहेद म्हणाली. "बऱ्याच वर्षांपासून."

"काहीतरीच!" शहंदा ओरडली. "डॉक्टर, या आमच्या कुणी नाहीत. पोर्ट फुआदला ओळखीच्या आहेत नुसत्या. त्यांना काय माहीत आमच्या घरातलं?"

डॉक्टरचा हात थांबला. "तुम्ही यांच्या कोण?"

आता काय सांगणार? बहीण नाही, बायको नाही, नात्याची नाही. एक अविवाहित बाई, एका विधुराच्या ओकारीने माखलेली. हाज्जा फौकियाच्या भुवया हळूहळू वर चढताना नाहेदला दिसत होत्या.

"डॉक्टर, मुलगी मी आहे," शहंदा रडत म्हणाली. "मला माहीत नसणार का?"

डॉक्टर एकीकडून दुसरीकडे बघत होता. मुलगी नाही म्हणतेय, परकी बाई हो म्हणतेय. विश्वास कुणावर ठेवायचा? कुणीही मुलीवरच ठेवला असता. त्याने सलाईनच्या नळीकडे हात नेला.

नाहेदने पर्स उघडली. गेली सतरा वर्षं या पर्समधला एक कप्पा तिने कुणासमोर उघडला नव्हता. सव्विसाव्या वर्षी ती तीन महिने दिसली नव्हती तेव्हा आईने सगळीकडे सांगितलं होतं, की नाहेद कुवेतला बहिणीकडे गेलीय. लोक अजूनही तिला कुवेतच्या उन्हाळ्याबद्दल विचारायचे आणि ती सांगायचीही. तिने गोळ्यांचं पाकीट काढून डॉक्टरच्या हातावर ठेवलं.

"हेच. मीपण हेच घेते. आम्ही एकाच डॉक्टरकडे जातो, एकाच मंडळात आहोत. महिनाभर यांनी दिवसा पाण्याचा थेंब घेतला नाही आणि दोन्ही वेळच्या गोळ्या एकदम गिळल्या. चालता येत नाही, मेलेल्या बायकोला हाका मारतायत. रक्त तपासा. खोटं निघालं तर मला पोलिसात द्या."

डॉक्टरने पाकीट उलटंपालटं केलं, मेतवल्लीच्या उडणाऱ्या दंडाकडे पाहिलं, आणि मग त्याचा सगळा नूरच पालटला. "रक्त घ्या, आत्ताच्या आत्ता! वर डायलिसिसला फोन लावा, जेवत असतील तर जेवण थांबवा म्हणावं!" पलंगाची चाकं खडखडली. मेतवल्लीची बोटं नाहेदच्या बाहीतून निसटली आणि सगळे त्याला घेऊन पळाले.

पडद्यामागे तिघी उरल्या. शहंदा भिंतीला टेकून खाली बसली. "वाटोळं केलंत माझं," ती म्हणाली. "ताईचं बाबांनी केलं, माझं तुम्ही केलंत."

"मिस नाहेद," हाज्जा फौकियाने हळूच विचारलं, "हे औषध कशाचं?"

"मनाचा आजार आहे, हाज्जा. यांना आहे, मलाही आहे. औषध चालू असलं की आम्ही तुमच्यासारख्याच असतो."

हाज्जा फौकियाने डबा खुर्चीवर ठेवला. वाकून तिने शहंदाला उठवलं, तिचं तोंड आपल्या ओढणीने पुसलं आणि तिला घेऊन बाहेर गेली. नाहेद त्या डब्याशेजारी बसून राहिली. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, पण झाकण उघडायचा तिला धीर झाला नाही.

रक्ताचा निकाल आला तेव्हा डॉक्टर स्वतः सांगायला आला. आज घरी नेलं असतं तर उद्या आणायची वेळच आली नसती, असं तो म्हणाला. इदवारने ते ऐकलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि जिन्यात जाऊन उभा राहिला. त्याचे खांदे हलताना नाहेदने पाहिले आणि न पाहिल्यासारखं केलं.

सकाळी हाज्जा फौकिया पुन्हा आली. या खेपेस एकटी. व्हरांड्यात नाहेदच्या शेजारी बसली आणि हातातली जपाची तसबीह फिरवत राहिली.

"तामेरशी बोलले मी," ती म्हणाली. "म्हटलं, बाबा रे, असं असं आहे. तर मलाच म्हणाला, आई, मी शहंदाशी लग्न करतोय, तिच्या बापाच्या रक्ताच्या रिपोर्टशी नाही. बघा, काय बोलतात आजकालची मुलं! मग मीही विचार केला. झाकलेलं काय कुठल्या घरात नसतं? माझा धाकटा दीर काय होता, ते मलाच माहीत. फातिहा ईदनंतर वाचू. पोरगी गुणाची आहे."

नाहेदला हुंदका फुटला. तिने हाज्जाचा हात हातात घेतला. "अल्ला तुमचं भलं करो, हाज्जा."

हाज्जाने हात सोडवला नाही, पण तो हात नुसताच तिथे राहिला.

"पण मिस, युसुफ दुपारी तुमच्याकडे झोपतो."

"हो. माझ्या मांडीवरच झोपतो. खाली ठेवलं की जागा होतो."

"तेच म्हणते मी." हाज्जा खाली बघत बोलत होती. "रविवारपासून त्याला घरीच ठेवावा म्हणते. तुमचा काही दोष नाही. पण लेकरू आहे हो, मोठ्या माणसाचं वेगळं असतं. राग मानू नका. आणि मी कुणापाशी बोलणार नाही, हं. माझी मुलगी आणि जावई सोडून कुणापाशी नाही."

जावयाच्या बहिणीची दोन मुलं नाहेदकडेच होती. त्यांच्या आईच्या तीन मैत्रिणींचीही. हे हाज्जालाही माहीत होतं. नाहेदने मान हलवली. या बाईवर ओरडावं, रोज सकाळी माझ्या दारात उभी राहून मला दुवा देत होतीस ती ही मीच आहे असं बजावावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण रागालाही बळ लागतं, आणि ते तिने काल संध्याकाळी वापरून टाकलं होतं.

दुपारी नर्सने तिला आत सोडलं. मेतवल्ली जागा होता. गालांची हाडं वर आली होती, पण डोळे त्याचे त्याला परत मिळाले होते. ती दिसताच त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तू सांगितलंस," तो म्हणाला. जीभ अजून जड होती.

"हो."

"सगळ्यांसमोर."

"हो, सगळ्यांसमोर. हाज्जासमोर पण."

"मी तुला काय म्हणालो होतो, मिस?"

"जे म्हणाला होतात ते सगळं पाठ आहे मला. मी मोडलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन. दुसरा रफीक हवा असेल तर इदवारला सांगा, मी अडवणार नाही." हे ती ताठ आवाजात बोलायचं ठरवून आली होती, पण शेवटी आवाज फुटलाच.

त्याने भिंतीशीच बोलल्यासारखं विचारलं, "लग्न?"

"होतंय. ईदनंतर फातिहा. तामेरने कबूल केलं, हाज्जाने केलं. त्यांना सगळं माहीत आहे आणि तरी होतंय."

मेतवल्लीने मान वळवली. त्याला खरं वाटेना. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि पाहता पाहता त्याच्या लक्षात आलं.

"मग तू का रडतेयस?"

नाहेदने डोळे पुसले. सांगायचं नव्हतं तिला. पण या माणसापासून तिने आजवर काही लपवलं नव्हतं, त्याची जशी तिच्याकडे, तशी तिची अमानत त्याच्याकडे होती.

"युसुफ येणार नाही रविवारपासून," ती म्हणाली. "मग बाकीचेही येणार नाहीत."

मेतवल्ली उठायला धडपडला. सलाईनची नळी ताणली गेली. "मी बोलतो हाज्जाशी. मी सांगतो तिला. आत्ता बोलव तिला."

"काय सांगाल, उस्ता?"

"सांगेन की तुझ्यासारखी चांगली बाई दोन्ही तीरांवर शोधून सापडणार नाही."

नाहेदने त्याला खांद्याला धरून पुन्हा निजवलं आणि पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला.

"ते त्यांना माहीतच आहे," ती म्हणाली.